दहा बाय दहाचा खर्ज

मुंबई-पुण्यात ‘दहा बाय दहा’ म्हटलं की खोलीच्या मापापेक्षा राहणीच जास्त कळते. पलंग, गोदरेजचं कपाट, खुर्चीवर साठलेले इस्त्रीचे कपडे, आणि अलीकडे त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप, दोन लहानसे काळे स्पीकर आणि पंचवीस पट्ट्यांचा की-बोर्ड. रात्री साडेअकराला कुणीतरी हेडफोन लावून तिथे मान हलवत बसलेलं असतं. घरच्यांच्या लेखी ते ‘कॉम्प्युटरवर’ असतं. प्रत्यक्षात तिथे किकखाली बास बसवला जात असतो, सिंथ घासूनपुसून लावला जात असतो, आणि हे गाणं आठवड्याभरात न्यूझीलंडपासून नॉर्वेपर्यंत कुठेही ऐकता येणार असतं.

या खोलीचा एक हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीचा बरोबर अर्धा भाग मावतो, ती लहर त्या खोलीत अडकते आणि घुमत राहते. दहा फुटांसाठी ही लहर येते 56 हर्ट्झची. पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या 440 हर्ट्झला सूर लावतो, त्या पांढरी सहाच्या साधारण तीन सप्तकं खालचा हा सूर. इलेक्ट्रॉनिक संगीतात ज्याच्यावर सगळा डोलारा उभा असतो त्या किक ड्रमचा मूळ दणका बहुधा 50 ते 60 हर्ट्झच्या आसपासच असतो. म्हणजे गाण्याचा पाया आणि खोलीची खोड एकाच जागी येऊन बसतात. लांबी दहा, रुंदी दहा आणि छतही दहा फुटांवर असेल, तर तीच खोड तिप्पट होते.

त्यात मेख अशी, की हा 56 हर्ट्झचा सूर भिंतीपाशी दणदणीत ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. संगीतकार खुर्ची मधोमध टाकून बसतो. त्याला बास कमी वाटतो. तो वाढवतो, पुन्हा वाढवतो, समाधान झालं की झोपतो. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत तेच गाणं लागतं आणि काचा थरथरायला लागतात. त्याने काही चूक केलेली नसते. कानांनी त्याला खरं तेच सांगितलेलं असतं, खोटं बोलली ती खोली.

घरच्या स्टुडिओची सगळी गोष्ट इथे येऊन अडते. गेल्या चाळीस वर्षांत स्टुडिओतली एकेक वस्तू लहान होत होत लॅपटॉपमध्ये शिरली. खर्जाची लहर मात्र पूर्वी होती तेवढीच लांब राहिली.

हा स्टुडिओ घरात आला कसा, हे सांगताना एक नाव मुंबईचं घ्यावं लागतं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी केली. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती : टीआर-808 हे तालयंत्र, टीबी-303 हे बासयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. ही यंत्रं एकमेकांना जोडून त्यांनी आधी घरीच वाजवून पाहिली, जमतंय असं दिसल्यावर स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण केलं. भैरवीसारख्या रागांखाली एकसुरी, ठाशीव यांत्रिक ठोका. त्या वेळी हे कुणाला फारसं रुचलं नाही आणि तबकडी विस्मरणात गेली. पुढे पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या चमूने त्याच 303 यंत्राचे कान पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलं आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्माला आला. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची तबकडी पुन्हा बाजारात आणली, तेव्हा युरोपातल्या रसिकांनी कपाळाला हात लावला : हा आवाज मुंबईत आधीच होऊन गेला होता. सिंग 2015 साली गेले. आयुष्याची शेवटची काही वर्षं का होईना, परदेशातल्या मंचांवर त्यांना ते राग वाजवायला मिळाले.

303 चं नशीब तर आणखी गमतीचं. गिटारवादकाला घरी सराव करताना बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. खऱ्या बासगिटारसारखं ते अजिबात वाजेना. खप होईना, म्हणून 1984 च्या सुमाराला कंपनीने ते बंद केलं. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशा पोरांच्या हाती लागलं. घरगुती संगीताचा इतिहास असा पुष्कळदा मोडीत निघालेल्या वस्तूंनी घडवला आहे.

दुसरा मोठा धक्का 1983 चा. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड एका वायरीने जोडले गेले आणि एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजू लागला. ही ‘मिडी’ नावाची बोली. सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचा तिच्यात मोठा वाटा. मिडीमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोराने आणि किती वेळ दाबली एवढीच माहिती जाते. आजही लॅपटॉपला जोडलेला लहान की-बोर्ड हीच बोली बोलतो. चाळीस वर्षं टिकलेली अशी संगणकी तंत्रं थोडीच.

त्यानंतर यंत्रं सॉफ्टवेअरमध्ये उतरली. 1996 साली जर्मनीतल्या श्टाइनबर्ग कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली. तिच्यामुळे रिव्हर्ब, कंप्रेसर आणि पुढे अख्खे सिंथेसायझर संगणकात ‘प्लगइन’ म्हणून बसू लागले. 1997 च्या सुमाराला बेल्जियममधून ‘फ्रूटीलूप्स’ आलं, आजचा एफएल स्टुडिओ. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट, हा त्यांचा शब्द त्यांनी अजून पाळला आहे. 2001 मध्ये बर्लिनमधून एबलटन लाइव्ह आलं. हे दोन्ही ‘डॉ’ या जातीचे प्रोग्रॅम, म्हणजे ध्वनिमुद्रण, वादन, कापाकापी आणि मिक्सिंग एकाच पडद्यावर. कुठला डॉ चांगला यावर तरुण मंडळी तासन् तास भांडतात. हे भांडण फाउंटन पेन चांगलं की बॉलपेन, या भांडणाइतकंच उपयोगी आहे.

कारण उदाहरणं सगळी उलट्या बाजूची आहेत. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा 1997 चा पहिला अल्बम पॅरिसमधल्या एका झोपायच्या खोलीत झाला. त्याचं नावच ‘होमवर्क’. लंडनच्या बरियलने 2007 चा ‘अनट्रू’ साउंड फोर्ज या निव्वळ ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमवर केला. त्यात ताल मोजून देणारी जाळीसुद्धा नव्हती. पडद्यावरच्या लहरींकडे बघत त्याने ठोके डोळ्याने बसवले. ते किंचित मागेपुढे पडले आणि तोच त्या अल्बमचा श्वास ठरला. बिली आयलिशचा 2019 चा पहिला अल्बम तिच्या भावाने, फिनियसने, लॉस एंजेलिसमधल्या घराच्या खोलीत घडवला. त्यातल्या ‘बॅड गाय’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलचा टकटकाट चपखल बसवला आहे, तोही फोनवर टिपलेला. पुढच्या वर्षी ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार त्या घरात गेले.

आपल्याकडचीही उदाहरणं कमी नाहीत. पुण्यात वाढलेल्या रित्विझने पंडित उदय भवाळकरांकडे ध्रुपदाची तालीम घेतली आणि लहान वयातच संगणकावर ट्रॅक बनवायला सुरुवात केली. 2017 चं ‘उड गए’ घराघरात पोचलं. न्यूक्लियाने 2015 साली ‘बास राणी’ हा अल्बम मुंबईतल्या गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवून लोकांपुढे आणला. आणि 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’ने मराठी शब्द थेट हाउस संगीताच्या ठोक्यावर चढवले. क्रेटेक्स या प्रकाराला ‘एम-हाउस’ म्हणतो. मराठीची लय त्या चार ठोक्यांत इतकी मजेत बसते, की हे आधी कुणाला का सुचलं नाही असं वाटावं.

संगीत सुचणं हा एक भाग. ते मिक्स करणं हा दुसरा, आणि बहुतेक जण इथेच घसरतात.

मिक्सिंग म्हणजे वीस-तीस, कधी शंभर वेगवेगळ्या आवाजांना दोन स्पीकरांत जागा करून देणं. लोकलच्या डब्यात चौथी सीट जशी होते, तसंच. कुणीतरी थोडं सरकतं, कुणी पिशवी मांडीवर घेतं. ईक्यू म्हणजे कुणाची पिशवी किती आत घ्यायची ते ठरवणं. सिंथच्या आवाजातला खालचा भाग तसाही कुणाला ऐकू येत नसतो, पण तो बासच्या जागेत पाय पसरून बसलेला असतो. तो कापला की बास आपोआप स्वच्छ होतो. नवखा माणूस हवं ते वाढवत जातो. मुरलेला नको ते कमी करतो.

किक आणि बास यांचं भांडण तर कायमचं. दोघांनाही तीच खालची जागा हवी असते. त्यावरची तोड ‘साइडचेन’ : किक वाजली की बासचा आवाज क्षणभर आपोआप दबतो आणि लगेच वर येतो. या दबण्या-उठण्यातून एक हेलकावा तयार होतो. डाफ्ट पंकच्या ‘वन मोअर टाइम’मध्ये तो हेलकावा इतका ठसठशीत आहे, की दुरुस्तीसाठी आणलेली युक्तीच पुढे एका पिढीच्या नृत्यसंगीताची ओळख बनली.

मग प्रश्न येतो फोनचा. पुष्कळ ऐकणारे फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरच ऐकतात आणि त्या स्पीकरला 56 हर्ट्झ झेपत नाहीत. तरीही चांगल्या मिक्समध्ये फोनवर बास ‘आहे’ असं वाटतं. हे कसं? मिक्स करणारा बासवर ‘सॅच्युरेशन’ नावाचा किंचित खरखरीतपणा चढवतो. त्यातून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर उमटतात : 112, 168, 224. वरचे सूर ऐकू आले, की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच कल्पून घेतो. तंबोरा ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मिरजेचे कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा तेही हेच करतात : एका तारेच्या पोटातले वरचे सूर मोकळे करतात. प्लगइनमधल्या सॅच्युरेशनच्या बटणाला ‘जवारी’ असं नाव दिलं असतं तरी चाललं असतं.

वेळेचाही एक त्रास असतो. की-बोर्डवर बोट पडल्यापासून आवाज येईपर्यंत संगणकाला थोडी उसंत लागते. तो आवाजाचे तुकडे गोळा करून एकदम पुढे पाठवतो. सेकंदाला 44,100 तुकडे या सीडीच्या मापाने 512 तुकड्यांचा गठ्ठा बांधला, तर तेवढ्यानेच सुमारे 12 मिलिसेकंद जातात. म्हणजे वाद्य चार मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. वादकाचा हात लगेच अडखळतो. म्हणून वाजवताना गठ्ठा 128 चा ठेवायचा आणि मिक्स करताना संगणकाला दम घ्यायला मोठा करायचा. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने कित्येकांनी नवा लॅपटॉप घेतला आहे.

आता पुन्हा खोलीकडे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा एक जुना रिवाज आहे. त्यांचा उपयोग अंडी ठेवण्यापुरताच. पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतला थोडा चिवचिवाट शोषतो, खालच्या लहरींना त्याचा पत्ताही लागत नाही. बाजारातला पातळ काळा फोमही त्याच माळेतला मणी. लहर शोषायची तर शोषणारी वस्तू जाड हवी. 56 हर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्साच दीड मीटर भरतो, म्हणजे अर्धी खोली. एवढी जागा कुणाकडे? म्हणून तडजोड कोपऱ्यांत करतात, कारण खालचे सूर कोपऱ्यात साठतात. लाकडी चौकटीत चार ते सहा इंच जाड रॉकवूल भरून, वर सुती कापड ताणून उभे केलेले पट्टे सुताराकडून करून घेता येतात. तेही परवडत नसेल तर कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या कराव्यात. पुस्तकांचं भरलेलं कपाट मागच्या भिंतीला असेल तर आवाज विखुरायला तेही उपयोगी पडतं. गोधड्यांचा ढीग दिसायला स्टुडिओसारखा दिसत नाही, पण ऐकायला महागड्या फोमपेक्षा बरा असतो.

खर्चाविना होणारं काम म्हणजे खुर्ची सरकवणं. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या 38 टक्क्यांवर कान येतील असं बसावं, हा जुना ठोकताळा. दहा फुटांच्या खोलीत ते होतात जवळपास पावणेचार फूट. नियम काही दगडावरची रेघ नाही. फूटभर पुढेमागे सरकून ऐकावं आणि जिथे बास सर्वांत सरळ वाटेल तिथे जमिनीवर खडूने खूण करावी.

या सगळ्याने खोलीतला आवाज सुधारतो. शेजाऱ्याकडे जाणारा थांबत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर जड, हवाबंद, दुहेरी भिंत लागते, आणि भाड्याच्या खोलीत ते स्वप्नच. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीला ती कधी लागू होते ते सोडून द्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मात्र खालचे काका ती लगेच लागू करतात.

म्हणून रात्रीचं काम हेडफोनवर. हेडफोनमध्ये खोलीच नसते, हा मोठा फायदा. पण त्यात डावा आवाज फक्त डाव्या कानाला आणि उजवा फक्त उजव्याला मिळतो, त्यामुळे सगळं प्रमाणाबाहेर पसरट वाटतं, आणि छातीवर येणारा दणका अंदाजानेच धरावा लागतो. अनुभवी मंडळी दोन्हींची सांगड घालतात : हेडफोनवर बारकावे, स्पीकरवर तोल, आणि शेवटी गाडी, फोन, मित्राचा ब्लूटूथ डबा अशी वरात. आवाज लहान ठेवून ऐकणं हाही एक खात्रीचा उपाय. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं, की आवाज कमी असला तर कानाला खालचे सूर अधिकच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की तेच सूर गोड लागतात. मोठ्याने वाजवलेलं प्रत्येक मिक्स छान वाटतं. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आपल्या घरांत आणखी काही वाटेकरी असतात. मायक्रोफोनमध्ये शिरणारा छताचा पंखा, कुकरच्या शिट्ट्या, आणि अर्थिंग नीट नसलं तर स्पीकरमधून अखंड येणारी गुणगुण. ही गुणगुण 50 हर्ट्झ विजेची, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. घराला स्वतःचा षड्ज असतो म्हणायचं आणि इलेक्ट्रिशियनला फोन करायचा.

शेवटचा मोह आवाज फुगवण्याचा. आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा लहान ऐकू येऊ नये म्हणून लिमिटर पिळून सगळं छताला टेकवायचं, ही सवय सीडीच्या काळापासूनची. आता तिचा फायदा उरलेला नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएस या सरासरी पातळीला आणून वाजवतं. जास्त फुगवलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं, आणि पिळून गेलेला ठोक्याचा जीव काही परत येत नाही.

पैशाचं चित्र मात्र फार गुलाबी नाही. गाणं जगभर पोचवणं स्वस्त झालं, म्हणून ते पाठवणारेही अगणित झाले. 2024 पासून स्पॉटिफायवर वर्षभरात किमान 1000 वेळा ऐकलं न गेलेलं गाणं मानधनाच्या हिशेबातच धरलं जात नाही. बँडकॅम्पवर ऐकणारा थेट विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के साइट ठेवते. पण आपल्याकडे गाणं विकत घेणारे अजून थोडेच. स्वतःच्या रचनांची आयपीआरएस या संस्थेकडे नोंद करून ठेवावी, एवढं तरी नव्यांनी आळस न करता करावं.

आपल्या खोलीचा सूर कोणता, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी 562 ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागावं. दहा फुटांना 56 येतील, बारा फुटांना 47, पंधराला 37. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कुठल्याही टोन जनरेटरवर तेवढ्या हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात लावावा आणि भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत सावकाश चालत यावं. टीव्हीचा मोठा साउंडबार किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर लागेल. फोनवर हा प्रयोग होणार नाही.